जुना कळफलक आणि जुन्याची प्रतिकृती

जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्या माणसापुढे अलीकडे एक नवाच पेच उभा राहिला आहे. पूर्वी निवड दोन गोष्टींत असे : जुनी वस्तू सांभाळावी, की ती टाकून नवी घ्यावी. आता बाजारात तिसरी वस्तू आली आहे. ती नवी असते, परंतु जुन्यासारखी घडवलेली असते. घड्याळे, फटफट्या, ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्या या साऱ्यांच्या बाबतीत हे झाले, आणि लिहिण्याच्या यंत्राच्या बाबतीतही झाले. संगणकाच्या आरंभकाळातील भक्कम यांत्रिक कळफलक शोधून आणून वापरणारे लोक आहेत. तसाच कळफलक आज नव्याने घडवून विकणारेही आहेत. मग मूळ वस्तू घ्यावी की प्रतिकृती, हा प्रश्न आलाच. प्रस्तुत लेखात आम्हांला या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दिवसभर कचेरीत टंकन करणाऱ्या आणि परमुलखात राहून मराठी लिहू पाहणाऱ्या आपणा मंडळींना तो बोटांच्या सुखापाशी सोडून देता येणार नाही. आपण लिहिलेले मराठी पुढे कोणास वाचता येईल की नाही, येथवर त्याचे धागे जातात.

म्हैसूरच्या ज्या गोकुलम भागात आम्ही राहतो, तो भाग मूळ वस्तूच्या शोधासाठी आता प्रसिद्धच आहे. के. पट्टाभि जोइस यांची अष्टांगयोगाची शाळा लक्ष्मीपुरम भागातून २००२ च्या सुमारास येथे आली, आणि तेव्हापासून देशोदेशींचे साधक या रस्त्यांवर दिसू लागले. जी आसने त्यांच्या स्वतःच्या शहरांतही शिकवली जातात, तीच शिकण्यासाठी ते इतक्या दूर येतात. कारण मूळ ठिकाणाचे महत्त्व त्यांना वाटते. या ओढीचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु मूळपणा नेमका कशात असतो, जागेत, वस्तूत की पद्धतीत, हे मात्र विचारले पाहिजे. हे ठरल्यावाचून प्रतिकृती चांगली की वाईट, हे ठरवता येणार नाही.

त्याचे एक उत्तर म्हैसुरातच पाहावयास मिळते. येथील जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत जळाला. त्याच्या जागी हेन्री आयर्विन यांच्या आराखड्याप्रमाणे आजचा राजवाडा उभा राहिला आणि १९१२ साली पुरा झाला. जुन्याची हुबेहूब नक्कल करावयाची असती तर पुन्हा लाकूडच वापरावे लागले असते, आणि लाकडाबरोबर आगीची भीतीही परत आली असती. बांधणाऱ्यांनी दगड आणि लोखंड घेतले. दरबार भरण्याची जागा, दसऱ्याचा सोहळा, राजघराण्याचा मान, ज्या प्रयोजनांसाठी राजवाडा असतो ती प्रयोजने राखली. ज्या दोषाने जुना गेला तो दोष टाकला. आज दसऱ्याला लोटणाऱ्या गर्दीत या राजवाड्याला कोणी बनावट म्हणत नाही.

यावरून प्रतिकृतीचे तीन प्रकार मानता येतील असे आम्हांस वाटते. पहिली रूपाची प्रतिकृती : वस्तू दिसते जुन्यासारखी, आत काहीही असो. दुसरी सवयीची प्रतिकृती : वस्तू वेगळी असते, पण वापरणाऱ्याच्या हाताला जुनीच वाटेल अशी तिची मांडणी केलेली असते. तिसरी कारणाची प्रतिकृती : जुनी वस्तू ज्या गुणासाठी चांगली होती तो गुण ज्या रचनेतून येत होता, ती रचनाच पुन्हा घडवलेली असते. जुना कळफलक आणि त्याची नवी आवृत्ती यांचा निवाडा या कसोटीवर करता येतो.

आधी परदेशी उदाहरण घेऊ, कारण तेथे प्रकरण स्वच्छ आहे. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासोबत ८३ कळांचा जो कळफलक दिला तो ‘मॉडेल एफ’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या प्रत्येक कळीखाली एक बारीक उभी स्प्रिंग असते. कळ दाबत गेले की स्प्रिंग काही अंतरापर्यंत दाब सोसते आणि मग एकाएकी मध्येच वाकते. ती वाकताच तिच्या पायाशी असलेला लहानसा हातोडा आपटतो. बोटाखालचा प्रतिकार सुटतो, खट असा आवाज होतो आणि अक्षर नोंदले जाते. या तिन्ही गोष्टी एकाच घटनेतून, एकाच क्षणी घडतात. रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावे १९७८ साली अमेरिकेत या युक्तीच्या स्वामित्वाची नोंद झाली. मॉडेल एफमध्ये हातोडा खालच्या पट्टीवर विद्युतधारणेतील फरक घडवतो. दोन धातू एकमेकांस घासत नाहीत, म्हणून झीज अत्यल्प. १९८५ साली आलेल्या ‘मॉडेल एम’मध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण खर्च कमी करण्यासाठी खाली पातळ पडद्यांची थप्पी आली, आणि ती धरून ठेवण्यास प्लॅस्टिकचे वितळवलेले खिळे.

आता यातील जुनी वस्तू घ्यावयाची तर काय घडते? मॉडेल एफच्या पोटातील फेसाचा थर काही दशकांनी विरून जातो. मॉडेल एमचे प्लॅस्टिकचे खिळे एकेक करून तुटतात आणि कळांचा ताठपणा जातो. एफची जोडणी आजच्या संगणकाला सरळ बसत नाही, मध्ये रूपांतरक लागतो. त्याच्या कळांची मांडणीही आजच्या हाताला अनोळखी आहे. म्हणजे जुनी वस्तू घेणाराला तिच्या गुणांबरोबर तिचे वार्धक्यही घ्यावे लागते. ज्याला उघडणे, साफ करणे, थर बदलणे यांत रस आहे त्याने ती अवश्य घ्यावी. त्याला एक वस्तू आणि एक छंद असे दोन्ही मिळतात. परंतु ज्याला सकाळी दहा वाजता बसून टिपणी लिहावयाची आहे, त्याचे काम वेगळे आहे.

प्रतिकृतीच्या बाजूने पाहू. आयबीएमचा हा व्यवसाय १९९१ साली लेक्समार्ककडे गेला, आणि १९९६ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात युनिकॉम्प नावाची कंपनी त्यातून उभी राहून मॉडेल एमचे वाकत्या स्प्रिंगेचे कळफलक पुढे करीत राहिली. याला प्रतिकृती म्हणणे कठीणच. हा त्याच घराण्याचा पुढचा वंश आहे. मॉडेल एफचा वंश मात्र तुटला होता. तो गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील एका लहान उपक्रमाने पुन्हा जोडला : तीच स्प्रिंग, तोच हातोडा, तीच विद्युतधारणेची पद्धत, फक्त फेस नवा, जोडणी आजची आणि कळांची मांडणी वापरणाऱ्याच्या पसंतीची. ही आमच्या अर्थाने कारणाची प्रतिकृती आहे. जुन्याचा गुण जेथून येतो ते तिने घेतले आणि जुन्याचा दोष टाकला. आमचा राजवाडा असाच झाला होता. परदेशातून मागवावयाची तर वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा भार मूळ किमतीवर चढतो, आणि आपल्या वर्गाच्या पगारात ही खरेदी सहज बसत नाही, हे खरे. परंतु तो खिशाचा प्रश्न झाला. वस्तूच्या गुणावगुणाचा नव्हे.

याच्या उलट टोकाला रूपाच्या प्रतिकृती आहेत. गोल, चकचकीत कड असलेल्या कळा, बाजूला एक निरुपयोगी दांडा, वर कागद धरण्याच्या पट्टीचा भास, असे जुन्या टंकलेखनयंत्राचे सोंग घेतलेले कळफलक विकावयास असतात. आत कोणतीही सामान्य कळ चालते. काही कळफलकांत तर ‘खट’ हा आवाज करण्यासाठी वेगळाच तुकडा बसवलेला असतो. अक्षर नोंदले जाण्याच्या क्षणाशी त्याचा नेमका संबंध नसतो. वाकत्या स्प्रिंगेचा आवाज बोटाला खरी बातमी देतो, हा आवाज केवळ करमणूक करतो. टीकाकार म्हणून आम्हांला येथे फार काही म्हणावयाचे नाही. शोभेची वस्तू शोभेची म्हणून घेतली तर त्यात फसवणूक नाही.

येथवर विषय सोपा होता. कठीण भाग मराठी कळफलकाचा आहे, कारण तेथे प्रतिकृती धातूची झाली नाही, मांडणीची झाली.

मराठी टंकलेखनयंत्राचा इतिहास आपल्या पिढीला आता ऐकीव होत चालला आहे. गोदरेज आणि बॉइस या कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाहेर काढले. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि शासकीय कचेऱ्यांतून मराठी यंत्रांची गरज वाढली. गावोगावच्या टंकलेखनसंस्थांत सकाळ-संध्याकाळ टकटक सुरू असे, आणि तेथील प्रमाणपत्रावर कित्येक घरांतील पहिली नोकरी उभी राहिली. गोदरेजने २००९ साली टंकलेखनयंत्रांचे उत्पादन थांबवले. २०११ साली ती बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली. म्हणजे आज ज्याला मूळ मराठी यंत्र हवे त्याने ते जुन्या सामानात शोधावे. नवे कोणी घडवीत नाही.

या यंत्राची अडचण अशी होती की ते इंग्रजीच्या सांगाड्यावर उभे होते. सुमारे ४५ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. देवनागरी छापखान्यात जोडाक्षरांसह कित्येकशे खिळे लागत. ते सारे या नव्वद जागांत कसे बसवावयाचे? रेमिंग्टन नावाने रूढ झालेल्या मांडणीने यावर जी युक्ती काढली तिचे कौतुक केले पाहिजे. ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण अशा उभा दंड असलेल्या अक्षरांचा अर्धा भागच कळीवर ठेवला. अक्षर पुरे करावयाचे तर पुढे काना मारावयाचा. जोडाक्षर करावयाचे तर काना न मारता पुढचे अक्षर टंकावयाचे. एकच उभी रेघ कधी अक्षराचा दंड होते, कधी खरा काना होते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती अक्षराच्या आधी मारावयाची. गाडा डावीकडे सरकत असतो. शाई ज्या क्रमाने बसते त्याच क्रमाने बोट चालले पाहिजे. यंत्राच्या मर्यादेतून निघालेली ही व्यवस्था होती, आणि त्या मर्यादेत ती उत्तम होती.

मर्यादेचा हा दाब केवळ बोटांवर नव्हता, लिपीवरही होता, याची आठवण ठेवली पाहिजे. छपाई आणि टंकलेखन सुलभ व्हावे म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती चालवून दाखवली. १९५३ साली लखनौस भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती थोड्याच वर्षांत मागे घ्यावी लागली. या सूचना करणारे लोक लिपीचे शत्रू नव्हते. यंत्र बदलता येत नाही, तर लिपी बदलू, असा तो व्यवहारी विचार होता. पुढे यंत्रच बदलले. संगणकाला अक्षर कसे दिसते आणि ते कोणत्या कळीने आले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. नव्वद जागांचे बंधन राहिले नाही. शंभर वर्षे ज्या अडचणीशी देवनागरी झगडली ती अडचण या एका बदलाने नाहीशी झाली.

आणि नेमक्या याच वेळी आपण जुन्याची प्रतिकृती करून ठेवली. टंकलेखकांचे हात रेमिंग्टनला सरावलेले होते. त्यांच्यासाठी तीच मांडणी संगणकावर आणली गेली. यात गैर काही नव्हते. गैर झाले ते पुढे. कृतिदेवसारख्या टंकांनी मांडणीबरोबर टंकलेखनयंत्राची अक्षरे तोडण्याची पद्धतही संगणकाच्या स्मृतीत नेली. असा टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. पडद्यावर ‘भाषा’ हा शब्द दिसतो. स्मृतीत त्या जागी मोठी एच, के, के, अवतरणचिन्ह, के आणि के अशी सहा इंग्रजी चिन्हे असतात. त्या सहांपैकी चार के आहेत. पहिला ‘भ’चा दंड, दुसरा त्याचा काना, तिसरा ‘ष’चा दंड, चौथा त्याचा काना. कागदावर ही चारही सारखीच शाई होती आणि वाचणाऱ्या डोळ्याला त्यांतील भेद आपोआप कळत होता. यंत्राच्या स्मृतीत मात्र वाचणारा डोळा नसतो. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसेल तर ‘भाषा’ नाहीशी होते आणि इंग्रजी चिन्हांची रांग उरते. शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही, मजकूर एकीकडून दुसरीकडे नेता येत नाही.

परमुलखातून निघणाऱ्या मराठी नियतकालिकांच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. जेथे ग्रंथालयांत मराठीचे कपाट एखादेच, तेथे मंडळाचा अंक हाच त्या गावच्या मराठी जीवनाचा दप्तरखाना असतो. युनिकोडपूर्व काळात अशा अंकांचा मजकूर त्या त्या टंकात साठवला गेला. आज ती साठवण उघडून पाहिली तर पुष्कळदा अर्थहीन चिन्हे समोर येतात. छापील प्रत उरली असेल तर अंक उरला. त्याहून जुना, टंकलेखनयंत्रावर कार्बन लावून काढलेला कागद मात्र पिवळा पडला तरी वाचता येतो. जुने यंत्र आणि त्याची प्रतिकृती यांतील फरक याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. मूळ यंत्राने अक्षर तोडले, पण कागदावर ते पुन्हा जोडून दिले. प्रतिकृतीने ते तोडलेलेच जपून ठेवले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. इंग्रजी कळफलकाची मांडणीही जुनीच आहे. शोल्सच्या यंत्राची १८७४ साली रेमिंग्टनने विक्री सुरू केली, त्या काळापासून ती थोड्याफार फरकाने चालत आली. टंक एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती तशी झाली असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; तारायंत्रावर काम करणारांच्या सोयीतून ती घडली, असे मत जपानातील क्योतो विद्यापीठातील अभ्यासकांनी मांडले आहे. कारण कोणतेही असो, आज ते उरलेले नाही, तरी मांडणी टिकली आणि इंग्रजीचे काही बिघडले नाही. मग मराठीच्या जुन्या मांडणीवरच राग का?

उत्तर असे की इंग्रजीत जुन्या मांडणीचा परिणाम बोटांपुरता आहे. ‘ए’ची कळ कोठेही असो, ती दाबली की स्मृतीत ‘ए’च जातो. रेमिंग्टनच्या त्या प्रतिकृतीत मात्र बोटांची सवय मजकुरात शिरली. जेथे ती शिरू दिलेली नाही, तेथे आमचा आक्षेपही नाही. रेमिंग्टनचीच मांडणी, पण आत युनिकोडप्रमाणे नोंद, अशी व्यवस्थाही आता आहे. टंकलेखक वेलांटी आधी मारतो, आज्ञावली ती अक्षरानंतरच्या आपल्या जागी नेऊन ठेवते. तो दंड मारतो, आज्ञावली अक्षर पुरे करते. तीस वर्षे ज्याची बोटे एका वाटेने गेली त्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याला वाट बदला असे सांगणे कठोरपणाचे होईल. त्याच्यासाठी ही सवयीची प्रतिकृती योग्य आहे आणि सभ्यही आहे. ती पूल आहे. ज्याला पलीकडे जावयाचे आहे त्याने तो अवश्य वापरावा. मात्र नव्याने शिकणाऱ्या मुलाला नदी नसलेल्या जागी पूल चढावयास लावणे आम्हांला मान्य नाही. त्याने अर्ध्या ‘भ’ला काना का द्यावा, याचे कारण सांगता येत नाही, ते कारण भंगारात गेले आहे.

नव्याने शिकणाऱ्यासाठी इन्स्क्रिप्टची मांडणी आहे. १९८६ साली तिचे प्रमाणीकरण झाले आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. अक्षर बोलण्याच्या क्रमाने टंकावयाचे, आधी व्यंजन, मग वेलांटी. जोडाक्षरासाठी पाय मोडावयाचा आणि पुढचे व्यंजन द्यावयाचे. शाळेत बाराखडी शिकताना जो विचार मनात बसतो तोच येथे बोटांत बसतो. मराठीच्या खास गरजाही तिने ओळखल्या आहेत. ‘ळ’ला जागा आहे, आणि ‘ऱ’ला वेगळी जागा आहे. म्हणून समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांची गल्लत होत नाही. मराठी वाचकाला हा भेद किती खुपतो, हे हिंदीच्या सोयीने केलेल्या साधनांवर ज्यांनी मराठी टंकली आहे त्यांना सांगावयास नको.

कर्नाटकात नोकरी करणाऱ्यांसाठी इन्स्क्रिप्टमध्ये आणखी एक लाभ आहे. तिची मांडणी भारतीय लिपींना समान आहे. ज्या कळीवर मराठीचा ‘क’, त्याच कळीवर कन्नडाचा ‘ಕ’, म्हणजे त्या लिपीचा ‘क’ही त्याच बोटाखाली येतो. लिपी बदलली तरी हात बदलत नाही. कन्नडासाठी राज्यात के. पी. राव यांच्या ध्वनिनुसारी मांडणीचा प्रसार अधिक आहे, आणि तिचे गुणही मोठे आहेत. तरीही बदलीवर बदली घेत फिरणाऱ्या केंद्र शासनाच्या नोकराला एका मांडणीत दोन-तीन भाषांच्या लिपी हाताशी येणे ही सोय थोडकी नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासासाठी १९६९ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था ज्या गावात आहे, तेथे बसून आम्ही हे लिहीत आहोत, हाही एक योग म्हणावयाचा.

रोमन अक्षरांत मराठी टंकून तिचे देवनागरी करून घेण्याची पद्धत आज सर्वांत रूढ आहे. दूरध्वनीवर तर तिचेच राज्य आहे. तिच्याविषयी येथे एवढेच म्हणतो की तिने युनिकोडात शुद्ध मराठी साठते, म्हणून मजकुराचे नुकसान नाही. पण लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक शब्द आधी इंग्रजी अक्षरांतून जातो. दोन ओळींच्या निरोपाला हे चालेल. लेख लिहिणाऱ्याने आपल्या लिपीशी थेट व्यवहार ठेवावा, असे आमचे मत आहे.

मग जुन्या मराठी यंत्राचे काय करावे? ज्याच्या घरी ते असेल त्याने ते विकू नये. लिपी यंत्राच्या दाबाखाली कशी वाकली आणि तरी कशी तग धरून राहिली, याचा तो हाताने चालवून पाहता येण्याजोगा पुरावा आहे. त्यावर लिहिण्याचा एक गुणही होता, जो कोणत्याही प्रतिकृतीत उतरलेला नाही. खोडण्याची सोय नव्हती. चार कार्बन लावले असतील तर चूक चार ठिकाणी पुसावी लागे. म्हणून लिहिणारा वाक्य मनात पुरे करून मगच पहिली कळ दाबी. तो गुण स्प्रिंगेत किंवा आवाजात नव्हता, चुकीच्या किमतीत होता. आजच्या कळफलकावर चूक फुकट झाली आहे. ती शिस्त हवी असेल तर लिहिणाऱ्याने ती स्वतः पाळावी. यंत्र विकत घेऊन ती येणार नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा. नुसते लिहावयाचे आहे त्याने, खिशाला परवडेल तर, जुन्या स्प्रिंगेचा नव्याने घडवलेला कळफलक घ्यावा. जुन्याची निगा राखण्याची हौस असेल तर जुना. शोभेच्या गोल कळांवर पैसे घालू नयेत. मराठीच्या मांडणीत मात्र निवड हौसेवर सोडू नये. सरावलेल्या हातांनी रेमिंग्टन ठेवावी, पण आत युनिकोड आहे याची खात्री करून घ्यावी. मुलांना इन्स्क्रिप्टच शिकवावी. आणि ज्या मंडळांच्या दप्तरात जुन्या टंकांत साठवलेले अंक पडून आहेत, त्यांनी रूपांतराचे काम पुढच्या कार्यकारिणीवर ढकलू नये. ते टंक ओळखणारी माणसे अद्याप नोकरीत आहेत किंवा नुकतीच निवृत्त झाली आहेत. त्यांच्या हयातीत हे काम जितके सोपे आहे, तितके ते नंतर राहणार नाही.